जोतीरामची वायर आणि मामांचा रुसवा

मलकापूरचा जोतीराम लग्नांचं शूटिंग करायचा, आणि शूटिंगपेक्षा बढाया जास्त मारायचा. नव्व्याण्णव साली त्यानं पुण्याहून डिजिटल कॅमेरा, कॉम्प्युटर आणि दोन्हींना जोडणारी फायरवायर नावाची वायर आणली. मग काय विचारता! "लय सुसाट हाय गड्या! च्या गार व्हायच्या आत अख्खं लगीन कॉम्प्युटरात," असं तो पार एसटी स्टँडपर्यंत सांगत सुटला.

पहिला मान सख्ख्या बहिणीच्या, रेश्माच्या लग्नाला. त्या लग्नात नवरदेवाचे मामा आप्पासो रुसले होते. फेटा आधी दुसऱ्याला बांधला, एवढंच निमित्त. "आमी उपाशी उठलो. पोरगी पंचमीला म्हायेरी यायची न्हाई," म्हणून बसले. जोतीरामच्या आईनं, लीलाबाईनं, त्यांचे पायसुद्धा धरले, पण मामा ढिम्म.

जोतीरामनं वायर जोडली. कसलं सुसाट नि कसलं काय! कॅसेट चालेल तेवढाच वेळ लागणार, म्हणजे तीन तासांच्या लग्नाला तीन तास. बसला बापडा पडद्यासमोर, आणि म्हणूनच त्याला ते दिसलं. कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून तो अक्षता टाकायला गेला होता, तेव्हा मागं मांडवाच्या कडेला आप्पासो जिलबी हाणत होते! पूर्वी कॅसेटवरून कॅसेट उतरवताना असला माणूस पुसट होऊन जायचा. वायरीतून आलेलं चित्र मात्र इतकं लख्ख की मिशीतला पाकसुद्धा दिसत होता. वाढत होती लीलाबाई. मग मामांची नजर कॅमेऱ्याकडं गेली आणि घास तोंडातच थांबला.

"आये! घावलं म्हातारं! आता दावतोच समद्या पावन्यास्नी!"

लीलाबाईनं शांतपणे बघितलं. "मीच वाढलं नव्हं? मला ठावं न्हाई व्हय? काढून टाक ते."

"मग पाय कशाला धरलंस?"

"पावन्यानं खाल्लेलं चारचौघांत काढू न्हाई, बाबा. आपली पोरगी तितं नांदायची हाय."

जोतीराम लय चरफडला. पण आईपुढं त्याची काय टाप! तेवढा तुकडा काढून त्यानं कॅसेट फलटणला, रेश्माच्या सासरी पाठवली.

पंचमीच्या आदल्या दिवशी रेश्मा दारात हजर, आणि सोबत स्वतः आप्पासो. रेश्मा भावाच्या कानाशी लागली, "दादा, कॅसेट संपंपतूर मामांनी पाणी बी प्यालं न्हाई बग. नुसता घाम पुसत हुते."

आप्पासो उंबऱ्याबाहेरच थांबले. मान खाली घालून म्हणाले, "इहीणबाई, त्या दिशी मी जेवलो हुतो."

"आसंल बाई," लीलाबाई म्हणाली, "माझ्या काय ध्यानात न्हाई. आवं, आत या, पानं वाढलीत."