बंद पडलेली तात

१९६१ च्या जानेवारीत, भर दुपारी, अकोल्याच्या कापूसबाजारात एक मापारी काट्यापाशी कोसळला.

समोरच्या निंबाखाली एक पिंजारी रोज बसत असे. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर तो ठोका मारी, मान कलती करून तिचा आवाज ऐके. कापूस धुक्यासारखा वर येई आणि सावकाश त्याच्या हातांवर, भुवयांवर उतरे.

“मिरगी आली, कांदा आना!” लोक ओरडले. कोणीतरी फोडलेला कांदा मापाऱ्याच्या नाकाशी धरला. पिंजाऱ्याने येऊन त्याच्या छातीला कान लावला.

“मिरगी नाई बाप्पा. तात बंद पडली याची.”

त्याने छातीवर मूठ मारली, कान लावला, पुन्हा मारली. मापाऱ्याचा घसा एकदा घरघरला.

“अबे, मरत्या माणसाले कावून मारून राहिला?” दोघांनी त्याचे हात मागे धरले.

“आता बोलली होती ना तात! सोडा मले, एकडाव अजून मारू द्या.”

त्यांनी सोडलं नाही. वीस मिनिटांनी टांग्यातून डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली आणि मापारी गेल्याचं सांगितलं. मापाऱ्याच्या काळ्या कोटावर, छातीच्या डाव्या बाजूला, कापसाचे दोन पांढरे ठसे होते.