नाल्यात सापडलेली जुनी वस्तू

लढाईच्या वर्षी मी जबलपूरजवळच्या एका खेड्यात शिकवत होते. आमचं घर जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात. बाबा तोफगोळ्यांच्या कारखान्यात, तेव्हा दुहेरी पाळीत. खेड्याच्या एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला टेकड्या आणि टेकड्यांपलीकडे गोळे उडवून बघायचं मैदान. लाल झेंडा वर गेला की गुरं घरी आणायची, एवढा भूगोल मुलांना माझ्याआधीच पाठ होता.

गावाचा इतिहास लिहायचा म्हणून मी घरातली जुनी वस्तू आणायला सांगितली. कोणी अडकित्ता आणला, कोणी गुराची घंटा. चौथीतली एक मुलगी उशिरा आली, फडक्यात काहीतरी जड गुंडाळून. फडकं सरकलं आणि तोफगोळ्याच्या बुडाशी असतो तो तांब्याचा पट्टा दिसला. बाबांनी मला तो कागदावर काढून दाखवला होता. असं दिसलं तर पळायचं, म्हणाले होते.

"बहनजी, नाले में मिला. दादाजी कहते हैं, बहुत पुराना है."

"अच्छा. वहीं बैठ जा. नीचे मत रखना."

दुसरे गुरुजी मुलांना नाल्यापलीकडे सोडून सायकलने कारखान्याच्या फाटकाकडे गेले. मीही निघणार होते. पण पाय उचलेनात. मी तिच्यासमोर खाली बसले.

"हाथ दुख रहे हैं," ती म्हणाली.

मी तिच्या हातांखाली माझे हात धरले. गोळा गार होता, मातीचा वास येत होता. माझे दात वाजत होते. ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी विचारलं, दादाजींचं घर आधी कुठं होतं? टेकड्यांपलीकडे, ती म्हणाली. विहीर होती, आंब्याची सात झाडं होती. मैदानासाठी सगळ्यांना उठवलं.

कारखान्याची दोन माणसं आली. त्यांनी गोळा आमच्या हातांतून अलगद उचलला, शेतात खड्डा करून उडवला. शाळेची कौलं खाली आली.

घरी बाबांनी विचारलं, "काहून थांबली तिथं?"

"पाय उठले नाहीत, बाबा."

ते त्या रात्री जेवले नाहीत.

गावात सगळे मला धीराची म्हणू लागले. मुलगी पंधरा दिवसांनी शाळेत आली आणि अगदी दाराजवळ बसली. माझी खुर्चीही तोवर दाराशी आली होती.