झाशीतला घाम

मे महिन्यात झाशीला कोण जातं? जिचा नवरा नागपूरचा आहे, ती जाते. "गर्दी नसते, किल्ला आपल्यालाच," असं म्हणून शिरीषने तिकिटं काढली आणि मोकळा झाला. मी पुण्याची, त्यामुळे उन्हाबद्दल बोलायचा मला हक्क नाही, असा आमच्या घरातला नियम आहे. नागपूरकर आपल्या उन्हाचा असा अभिमान बाळगतात, जणू ते त्यांनी स्वतः कमावलंय. नागपूरहून निघताना सासूबाईंनी त्याच्या खिशात एक कांदा घातला. ऊन बाधत नाही म्हणे. पाण्याची बाटली कुणीच घातली नाही.

गाडी सकाळी वेळेवर पोचली. स्टेशनावरून सिव्हिल लाइन्सला रिक्षा लगेच मिळते. पहिला भाव ऐकून हसायचं, दुसरा ऐकून बसायचं. तिथे माझी नलूमावशी राहते. मावसोबांचं घराणं कित्येक पिढ्या झाशीतच, त्यामुळे तिच्या मराठीत बुंदेली आणि हिंदी बिनदिक्कत येऊन बसते. मुलं तर मराठी ऐकून हिंदीत उत्तर देतात.

नाश्त्याला पोहे-जलेबी आणि कैरीचं पन्हं होतं. असं पन्हं मी पुण्यात कधी प्यायले नाही. शिरीषने ग्लास बाजूला सारून दोनदा चहा घेतला.

"जावईबापू, बारा के बाद घामात फिरू नका हं," मावशी म्हणाली. "घाम लागेल."

"घाम लागत नाही मावशी, घाम येतो," शिरीष म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर इतका खूश झाला की मावशी पुढे काय बोलली ते आम्ही दोघांनीही ऐकलं नाही. रिक्षात बसल्यावर इलाइट चौराह्यापर्यंत तो तेच घोळवत होता. घाम लागतो म्हणे, घाम लागतो.

किल्ला बघायचा तर सकाळी उघडताच बघावा. आम्ही चहा संपवून, फोटोंसाठी शर्ट बदलून, ऐन डोक्यावर ऊन घेऊन पोचलो. चढ दमवणारा आहे, बुरुजावर सावलीचा पत्ता नाही आणि दगड हात लावू देत नाहीत. वरून शहर छान दिसतं, असं मी वाचलं होतं. मला सगळं पांढरं दिसलं. टोपी मी घातली होती. शिरीषची बॅगेत होती, कारण टोपीने केस बिघडतात. पाणी दे म्हटलं की तो म्हणे, तहान लागल्यावर पिईन. तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

खाली रिक्षावाल्याशी हुज्जत घालून तो रागाने चालत सुटला. थेट ओरछा गेटकडे, गल्ल्यांतून, भर दुपारी. मी निथळत होते आणि तो मात्र कोरडा. "बघ, घामसुद्धा नाही," तो म्हणाला. "ह्याला म्हणतात सवय."

थोड्या वेळाने डोकं दुखतंय म्हणाला. मग गप्प झाला. शिरीष गप्प झाला हेच खरं तर पहिलं लक्षण. मग पाऊल तिरकं पडायला लागलं, आणि एका कापडाच्या दुकानापुढे थांबून त्याने जड जिभेने विचारलं, "भैया, सीताबर्डीची बस कुठून मिळेल?"

सीताबर्डी नागपुरात आहे. मला वाटलं, हाही विनोदच. चिडून मी मावशीला फोन लावला.

"काहीतरी बरळतोय गं. भांडतोय, मध्येच थांबतोय."

"घाम लागला असेल त्याला."

"कुठला घाम, मावशी? एक थेंब नाही. अंग तव्यासारखं तापलंय."

मावशीचा आवाज चढला. "अगं बाई, आमच्याकडे घाम म्हणजे ऊन. ऊन लागलंय त्याला. सावलीत ने, पाणी ओत अंगावर, वारा घाल. एकशे आठला फोन करायला सांग कुणाला तरी. आणि जीभ जड झालीय ना, तर तोंडात काही घालू नकोस, ठसका लागेल."

तोवर तो फरशीवर बसला होता आणि मी कोण, हे त्याला सांगता येत नव्हतं. दुकानदाराने कूलर त्याच्याकडे वळवला आणि फोन लावला. आम्ही शर्ट काढून माठ त्याच्या अंगावर रिकामा केला, ओल्या फडक्यात बर्फ बांधून मानेला आणि काखेत धरला. कुणीतरी थंड बाटली त्याच्या तोंडाशी नेली. मी तो हात झटकला. इतकी घाबरले होते की रडायचं सुचलं नाही.

इस्पितळात डॉक्टरीण बाईंनी समजावलं की घाम थांबला, याचा अर्थ शरीराने हात टेकले. पण घामाच्या भरवशावरही राहू नका, म्हणाल्या. शेजारच्या खाटेवरचा माणूस घामाने भिजलेला होता आणि त्यालाही उष्माघातच होता. उन्हातला माणूस असंबद्ध बोलायला लागला, की वाट बघायची नाही. नर्सने शिरीषच्या खिशातून कांदा काढून माझ्या हातात दिला. तो अगदी ठणठणीत होता.

ओरछा गाव बघायचं राहिलं. चार दिवस मावशीकडे पन्हं पिऊन आम्ही परतलो. पुण्यात आता तो पाहुण्यांना सांगतो, "झाशीत जरा ऊन लागलं." जरा. मी समोरच बसलेली असते. सासूबाई फोनवर म्हणाल्या, कांदा होता म्हणून वाचला.

काल वीज गेली. जेवताना त्याच्या कपाळावर थेंब जमले, गळ्यावरून ओघळले आणि तो कुरकुरायला लागला, "काय घाम येतोय." मी हातातला घास ताटात ठेवला आणि बघत राहिले.

"काय बघतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "येऊ दे."