साच्यातला चेहरा

दादा, मी घर सोडलं तेव्हा आषाढ चालू होता आणि आपल्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गणपतीच्या कारखान्यातला माणूस आषाढात मेला तरी उठून रंगाला बसतो, असं अण्णा म्हणायचे. मी मात्र ट्रंक उचलली. तू ढुंकूनही पाहिलं नाहीस. अण्णा मूर्तीवरचा हात न काढता म्हणाले, "सीझनमध्ये चाललायस. लक्षात ठेवीन मी." कल्याण ते कळवा, अंतर ते काय? पण मी देश सोडल्यासारखा गेलो.

का गेलो ते तुला पक्कं ठाऊक आहे. शिल्पकला शिकून आलो आणि दोन महिने खपून शाडूत गणपतीचा एक चेहरा केला. सोंडेच्या मुळाशी बारीक घडी, मिटायला आलेले डोळे. मी बाहेर गेलेलो असताना तू त्याचा साचा काढलास, प्लास्टर ओतलंस आणि तोच चेहरा घरोघरी विकलास. मी भांडलो तर म्हणालास, घरातली वस्तू, त्यात विचारायचं काय? त्यानंतर मला मातीला हात लावावासा वाटला नाही.

ठाण्याला एका वर्तमानपत्रात नोकरी लागली. नकाशे, आलेख, तक्ते काढायचे. माजिवड्याच्या नाक्यावरच्या अपघाताचा पहिला नकाशा मी इतका छायाप्रकाश घालून काढला की छापल्यावर नुसता काळा डाग उमटला. वृत्तसंपादक म्हणाले, "अहो, बस उलटलीय. लेणी कोरायची नाहीत." मग रेषेवर आलो. शाईचं पेन, पट्टी, ब्लेड, गोंद. कागदावरच्या वस्तूला पाठ नसते, तिच्याभोवती फिरता येत नाही, याची फार चिडचिड व्हायची. पण चित्राखाली माझं नाव छापून यायचं. आपल्या कारखान्यात ते कधी कुठे आलं नव्हतं.

एका वर्षी विसर्जनानंतर संपादकांनी चित्र मागितलं, प्लास्टरच्या मूर्ती खाडीत विरघळत का नाहीत त्याचं. मी खाडीचा उभा छेद काढला, गाळ काढला, गाळात आडवी पडलेली मूर्ती काढली. अंक निघाला त्या सकाळी ऑफिसात तुझा फोन.

"चेहरा आपला काढलास. सगळं कल्याण ओळखतंय."

"आपला नाही, माझा," म्हणालो आणि फोन ठेवला.

तो चेहरा चित्रात चुकून आला असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटंही नव्हतं, माझ्या हाताला दुसरा गणपती येतच नाही. पण प्रूफ समोर आलं तेव्हा मी तो ओळखला होता. पांढरा रंग हाताशी होता, दहा मिनिटांचं काम. नाही बदलला. बरं वाटलं मला. हे तुला आज पहिल्यांदा सांगतोय आणि माफी मागत नाहीये.

पुढच्या आषाढात तुमची बरीच गिऱ्हाइकं दुसऱ्या कारखान्यांत गेली. माझी बायको म्हणाली, पाट घेऊन जा, पाटाला कुणी नाही म्हणत नाही. तिला वाटलं, त्या निमित्तानं बाप-लेक बोलतील. गिऱ्हाईक आपला पाट आणून देतं, अण्णा त्याच्या मागे खडूनं नाव-गाव लिहितात आणि मूर्ती त्याच पाटावर बसते. घरच्या पाटावर मात्र नाव घालत नाहीत, तो थेट आत जातो. मी नवा पाट घेऊन आलो. शिव्या खायची तयारी होती. चार शिव्या देऊन म्हातारा निवळेल असा माझा हिशेब.

अण्णांनी पाट घेतला, उलटा केला आणि खडू उचलला.

"नाव?"

सख्ख्या बापाला मी माझं नाव सांगितलं.

"गाव?"

तू समोर रंग कालवत होतास. एक शब्द बोलला असतास तर पुरे होतं. तू कालवतच राहिलास.

"कळवा," मी म्हणालो. अण्णांनी ते स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि पाट बाकीच्यांच्या पाटांवर रचला.

आता अण्णा नाहीत, आणि परवा तुझं पत्र आलं. झालं गेलं गंगेला मिळालं, यंदा गणपतीला घरी ये, असं लिहितोस. मी घरीच आहे, दादा. दोन खोल्या आहेत, नळाला धड पाणी नाही, शेजारी भांडखोर आहेत. फार आवडतं असंही नाही. पण इथे मला कुणी माझं नाव विचारत नाही.