आऱ्या-आऱ्यावर थांबणारं चक्र

मिरवणूक निघायला आली होती आणि टेम्पोवरचं धम्मचक्र जागच्या जागी थरथरत होतं. फिरत मात्र नव्हतं.

"मधूभाऊ, याला हीव भरलाय काय?" सहदेव म्हणाला.

सहदेव आमच्या वाडीतला सुतार. बुद्धपौर्णिमेसाठी परातीएवढं, आठ आऱ्यांचं चक्र त्याने सागात घडवलं होतं. आदल्या वर्षी त्याला टेबलफॅनची मोटर लावली, तर लोक म्हणाले, वारा छान येतोय. या वेळी ते संथ फिरलं नाही तर मंडळ त्याच्या जागी छापील बॅनर लावणार होतं.

मी मंडणगडला असतो. आयटीआयमध्ये वायरिंग शिकवून रिटायर झालो, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी स्टेपर मोटर आणली. ही मोटर गरगरत नाही, पावलं टाकते. दोनशे पावलं म्हणजे एक फेरी. कधी चालायचं, कधी थांबायचं, हे काडेपेटीएवढा एक बोर्ड तिला सांगतो. त्याचा प्रोग्राम आपण लिहायचा.

मोटर नुसती थरथरते, म्हणजे वायरी चुकल्या. आत दोन कॉइल, बाहेर चार वायरी. मी जोड्या रंगावरून धरल्या होत्या. आता दोन-दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवून दांडा बोटांनी फिरवून पाहिला. जोडी बरोबर असली की दांडा जड लागतो. तशा जोड्या लावल्या आणि चक्र फिरलं. अगदी संथ.

सहदेव टेम्पोच्या फळीवर टेकला. मग त्याने मोटरला हात लावला आणि झटक्यात काढला.

"भाऊ, तवा झालाय."

मोटरला करंट पुरवणारा ड्रायव्हरही तापून बंद पडायला लागला होता.

"तिला मधे मधे विसावा देऊ," मी म्हटलं. लॅपटॉप बॉनेटवर ठेवला आणि प्रोग्राममध्ये लिहिलं: पंचवीस पावलं चाल, करंट तोड, थांब, पुन्हा चाल. पंचवीसच का? पहिला तोच आकडा सुचला.

विहारापाशी मुंबईचे पाहुणे भाषणाला उभे राहिले.

"हे चक्र बघा. प्रत्येक आऱ्यावर थांबतंय. अष्टांगिक मार्गातलं एकेक अंग समजून घ्या, मगच पुढे चला, असं सांगतंय. हा विचार ज्यांना सुचला, त्यांचा सत्कार झाला पाहिजे."

टाळ्या पडल्या. दोनशेला पंचवीसने भागलं की आठ येतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. शाल खांद्यावर पडली आणि मी ती घेतली. तेव्हापासून कोणी त्या विचाराचं कौतुक केलं की माझी मान खाली जाते. म्हणून लिहितो: विचार काही नव्हता. मोटर तापत होती.

सहदेवला हे लिहिण्याआधीच सांगितलं.

"मला म्हायत होता," तो म्हणाला. "हात माझाच भाजलेला. पण बॅनर टळला ना?"

यंदा दणकट मोटर आणि मोठा ड्रायव्हर आणलाय. चक्र न थांबता फिरू शकेल. पण चुकून बरोबर आलेला प्रोग्राम बदलणं सोपं नसतं. थांबायची ती ओळ काढायला आता मंडळाचा ठराव लागेल.