रिकामी नव्हती ती इमारत

गिझेला होफर यांची आणि माझी पहिली भेट काही फार गोड झाली नाही. नागपूरहून आर्किटेक्चरची पदवी घेऊन मी कॅनडात आलो होतो आणि किचनरच्या एका ऑफिसात दुसऱ्यांच्या इमारतींची ड्रॉइंग्ज काढत होतो. आमच्या ऑफिसने बांधलेली एक शाळा पाहायला जर्मनीच्या एक पत्रकार बाई येणार होत्या, त्यांना दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. सगळं शांतपणे पाहता यावं म्हणून मी मुद्दाम सुट्टीचा दिवस निवडला. बाई दारातूनच परत फिरल्या. "मुलं नसताना शाळेत काय पाहायचं?" म्हणाल्या. नंतर त्या जेवणाच्या सुट्टीत आल्या आणि त्या गोंगाटात एका कोपऱ्यात बसून राहिल्या. त्यांच्या लेखात आमच्या देखण्या जिन्याला एक ओळ मिळाली आणि मुलांना बर्फाचे ओले बूट ठेवायला जागा नाही, यावर अख्खा परिच्छेद. आमचे साहेब पुढे कितीतरी दिवस धुमसत होते. मला मात्र बाई आवडून गेल्या.

आज गिझेलाबाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि आमच्या आंबेडकरी मंडळाने त्यांच्यासाठी हा ग्रंथ काढला आहे. बाईंना मराठी वाचता येत नाही, त्यामुळे मी जरा मोकळेपणाने लिहितो. गौरवाचे लेख लिहायला माणूस उत्साही असावा लागतो. यंदा आम्ही सगळेच थकलेले आहोत, आणि का ते पुढे येईलच.

जर्मनीत एका वर्तमानपत्रात इमारतींवर लिहीत असताना बाई दक्षिण ओंटारियोतले जुने कारखाने पाहायला आल्या आणि इथेच राहिल्या. या भागातल्या गिरण्या, गोदामं, कामगारांची घरं यांचा इतिहास त्यांनी लिहिला. त्यांची पद्धत एकच. इमारत भरलेली असताना पाहायची. चर्च रविवारी, हॉस्पिटल पाळी बदलताना. माणूस नसलेला फोटो त्या छापू देत नाहीत, आणि त्यापायी संपादकांशी त्यांचं कायम वाजलेलं आहे. स्वभाव तसा कडकच. पहिल्या हिवाळ्यात माझ्या गाडीला बर्फात न घसरणारे विंटर टायर नाहीत हे कळल्यावर त्या सरळ उतरल्या आणि बसने गेल्या.

पण माझे वडील गेले आणि मला नागपूरला जाता आलं नाही, तेव्हा याच बाई सूपचं भांडं घेऊन बेसमेंटमधल्या माझ्या खोलीत आल्या. सांत्वनाचं एक अक्षर बोलल्या नाहीत. कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "घराचा नकाशा काढा. वडील कुठे बसायचे?" मी काढत गेलो, त्या विचारत गेल्या. पेपर कुठे वाचायचे, चप्पल कुठे काढायचे. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा रडलो.

किचनरहून थोड्या अंतरावरच्या एका छोट्या शहरात बटणांचा एक जुना कारखाना होता. त्याचा वरचा मजला आमच्या मंडळाने बरीच वर्षं भाड्याने घेतला होता. आमची बुद्धवंदना, आंबेडकर जयंती, मुलांचे मराठीचे वर्ग, लग्नं, शोकसभा, सगळं तिथेच. मालकाला तो पाडून कॉन्डो, म्हणजे विकायचे फ्लॅट, बांधायचे होते. त्यासाठी एका सल्लागाराने इमारतीच्या इतिहासाचा अहवाल केला. त्याचे लोक कामाच्या दिवशी दुपारी आले, तेव्हा आम्ही सगळे नोकरीवर. दाराला कुलूप पाहून त्यांनी लिहून टाकलं, कारखाना बंद पडल्यापासून इमारत रिकामी आहे. मालकही गप्प बसला.

बाई अर्थातच रविवारी आल्या. आमच्या सेक्रेटरी वंदनाताई घाबरून माझ्याजवळ आल्या. "सर, ह्या बाई तर कधीच्या चपलांच्या रॅककडे पाहून राहिल्या. काही प्रॉब्लेम आहे का?" त्यांची लेक म्हणाली, "रिलॅक्स, आई, शी लाइक्स इट." बाईंनी बुद्धवंदना ऐकली, डाळभात खाल्ला आणि जाताना मला अहवालातली ती ओळ दाखवली.

"आमच्या गावात एक मोठं घर होतं," त्या म्हणाल्या. "गावाच्या माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, युद्धाच्या काळात घर रिकामं. तिथे एक ज्यू कुटुंब राहत होतं. त्यांना पकडून नेलं, म्हणून ते रिकामं. मी तरुण वार्ताहर होते. ती ओळ बदला म्हणून लिहिलं, तर संपादकांनी माझा लेखच काढून टाकला."

आमच्या आजोबा-पणजोबांनाही गावाच्या हकिगतीत कोणी धरलं नव्हतं. समुद्र ओलांडून इतक्या लांब यावं आणि इथेही आपण नव्हतोच, असं कोणीतरी लिहून ठेवावं, याचा मला संताप आला.

पाडायच्या परवानगीसाठी शहराच्या कौन्सिलपुढे झालेल्या सुनावणीत सगळ्यांना वाटलं, बाई विटा आणि खिडक्यांवर बोलतील. त्या आमच्यावर बोलल्या. कोण येतं, कुठे बसतं, कोणाचं लग्न तिथे झालं, कोणाची शोकसभा झाली. "आधी हे खोटं वाक्य काढा," त्या म्हणाल्या, "मग तुमचा निर्णय घ्या." कौन्सिलने वाक्य बदलायला लावलं. मंडळाचं नाव आणि आमची सगळी वर्षं अहवालात आली. त्यानंतर कौन्सिलने इमारत पाडायला परवानगी दिली.

गाडीत वंदनाताई रडत होत्या. बाईंनी समजूत घातली नाही. "इमारत वाचली नाही. मला फार वाईट वाटतंय," एवढंच म्हणाल्या, आणि मग, "मला घरी सोडाल का? गुडघे दुखतायत." तेव्हा त्या मला पहिल्यांदाच म्हाताऱ्या दिसल्या.

मंडळ आता टायरच्या दुकानाशेजारी एका गाळ्यात भरतं. जागा कुरूप आहे आणि हीटिंगची बोंब आहे. बाई तिथेही येतात, कोट न काढता बसतात, कधीकधी वंदना चालू असताना त्यांचा डोळा लागतो. कोणी उठवत नाही.

बाई, तुम्ही दमलात आणि ते लपवत नाही, हे आम्हाला बरं वाटतं. आमची नातवंडं एक दिवस विचारतील, आपली माणसं इथे कधीपासून? त्यांना कोणापुढे काही सिद्ध करत बसावं लागणार नाही, ते काम तुम्ही करून ठेवलंय. तेव्हा आता भांडणं आम्हाला करू द्या, गुडघ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलू नका, औषधं वेळेवर घ्या, आणि पुष्कळ वर्षं आमच्यात अशाच येऊन बसत जा.