वारा लागू देऊ नकोस

रविवारी दुपारी जेवून मी सुरतेजवळ कामरेजला घरी आडवा झालो होतो, तेव्हा कल्याणीचा फोन आला. कल्याणी म्हणजे माझा मित्र सुकदेव, त्याची मुलगी. "नानाकाका, पप्पा गाडीखालून बाहेर येत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. रडत नव्हती. मी म्हटलं, "हलव त्याला, झोपला असेल लेकाचा." माझा मित्र मेलेला होता आणि मी त्याला लेकाचा म्हणत होतो... सुरतेत पर्वत पाटियाला त्याच्या घरी पोचलो तर त्याला दवाखान्यात नेलेलं. घराखालच्या गाळ्याचं शटर अर्धं वर होतं आणि त्याची बायको, मंगलावहिनी, पायरीवर बसल्या होत्या.

सुकदेव आणि मी शिरपूरकडचे, एकाच बसने सुरतेला आलो आणि एकाच लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, लागलो. मला तो खडखडाट सोसला नाही. मी कामरेजला उघड्या पटांगणात ग्रिल-दरवाजे जोडायला लागलो. तो मात्र लूमवरच राहिला. लूमवाल्याचा एक धर्म असतो, तो बाहेरच्यांना ठाऊक नसतो. वारा आला की सूत हलतं, तुटतं, रुई उडते. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, मे महिना असला तरी. सुकदेवच्या हाडात ते इतकं भिनलं होतं की घरीही जेवताना पंखा बारीक करायचा आणि वहिनींची बोलणी खायचा. आम्ही हसायचो.

दोन वर्षांपूर्वी त्याने जुनी व्हॅन घेतली. कानबाईच्या रोटाला, आमच्या खानदेशातल्या सणाला, सगळं घर स्वतःच्या गाडीने गावी न्यायचं, एवढंच त्याचं स्वप्न. पण पावसाळ्यात खाडीचं पाणी गल्लीत शिरलं, गाडी दोन दिवस त्यात उभी राहिली आणि तळाचा पत्रा कुजला. पाय ठेवला तर खाली रस्ता दिसायचा. गॅरेजवाल्यांनी हात वर केले. सुकदेव म्हणाला, "मीच जोडस. घरखाले गाळा शे ना." माझ्याकडची काडीची वेल्डिंग मी करून पाहिली, पण गाडीचा पत्रा कागदासारखा पातळ, जोडायला जावं तर भोक मोठं होतं. तेव्हा मीच म्हटलं, तुला छोटं मिग मशीन लागेल. घरच्या लाईटवर चालतं, एका हाताने उचलता येतं, काडीऐवजी बारीक तार आपोआप पुढे सरकते. माझ्या तोंडून हे निघालं नसतं तर बरं झालं असतं.

दुकानात दोन मशीनं होती. एकाला गॅसची टाकी लावायची, दुसऱ्याच्या तारेतच मसाला भरलेला, टाकीची गरज नाही. दुकानदार म्हातारा गुजराती. तो दुसऱ्यावर हात ठेवून म्हणाला, "आ लई जाओ, गॅस वगरनुं. खुल्लामां पण चाले." उघड्यावर, वाऱ्यातही चालेल, असं तो सांगत होता. मी नाक मुरडलं. त्याचा धूर फार, ठिणग्या फार, जोडावर राख बसते. गॅसवाल्याचा जोड लोण्यासारखा. मला माझी हुशारी दाखवायची होती, दुसरं काय. सुकदेव मधे उभा राहून दोघांकडे बघत होता. मग म्हणाला, "नाना, तुले समजस ते माले कुठे समजस? तू सांगशी तेच लेऊत." गॅसवालं घेतलं. टाकी रिक्षात चढवताना मी त्याला शेवटची अक्कल शिकवली, "वारा लागू देऊ नकोस. गॅस उडून गेला की जोडाला भोकं पडतात." तो हसला. हे त्याला सांगायची गरजच नव्हती, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

पुढे जे होत गेलं ते मी पाहिलं, पण मला दिसलं नाही. तो रोज ड्यूटीवरून आल्यावर तासभर काम करायचा. खात्यातला जुना जस्ती पत्रा कापून ठिगळं करायचा. संध्याकाळी अंगात थंडी भरायची, तोंडाला गोडसर चव यायची, सकाळी पुन्हा ठणठणीत. त्याने मला फोनवर सांगितलं तर मी म्हटलं, जस्ताचा धूर लागतो, गूळ खा. आम्ही लूमवरही घसा खवखवला की गूळच खायचो. तो गूळ खात राहिला. एकदा त्याच्याकडे गेलो तर शटर पूर्ण खाली, आत तो एकटा, घामाने निथळलेला, डोळे लाल. वर एक झरोका होता, त्यातही त्याने गोणपाट कोंबलं होतं. मी दोन मिनिटं थांबलो आणि माझंच डोकं जड झालं. बाहेर येऊन म्हटलं, "काय रे, भट्टी केलीस." तो म्हणाला, "जोड देख ना पहिले." जोड खरंच सुरेख होता. मी त्याची पाठ थोपटली आणि चहा पिऊन निघालो.

डॉक्टर म्हणाले, टाकीतला हा गॅस हवेपेक्षा जड, बंद जागेत जमिनीवर साचतो आणि श्वासाला हवाच उरत नाही. टाकीच्या तोंडाशी थोडी गळतीही होती म्हणे. सुकदेव गाडीखाली जमिनीवर उताणा पडून जोडत होता... त्याला धाप लागलीही असेल, पण तो जोड पुरा करूनच उठणारा माणूस. तोंडावर वेल्डिंगची काच तशीच होती.

दहाव्याला सगळी भावकी जमली होती. मंगलावहिनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या नानांनी किती समजावलं होतं. ते मशीन नको, दुसरं घे म्हणत होते. कल्याणीच्या पप्पांनीच हट्ट केला, मला त्यांनी स्वतः सांगितलं." बायका डोळे पुसत माझ्याकडे आदराने बघायला लागल्या. मला कळलं काय झालं होतं ते. त्याला थंडी भरायला लागल्यावर वहिनी चिडल्या असणार, नानांनीच हे खूळ घरात आणलं म्हणाल्या असणार, आणि त्याने सगळं स्वतःवर घेतलं असणार. माझ्या हातात चहा होता. मी तो पीत राहिलो. एवढा भित्रा मी आयुष्यात कधी नव्हतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. गाळ्याचं शटर आता दिवसभर उघडंच असतं. वहिनी दारात बसून मेथी निवडत होत्या, आत गाडी तशीच, तळ जवळजवळ पूर्ण झालेला. म्हणाल्या, गावाहून त्यांचा भाऊ येतोय, त्याला शेतातली ट्रॉली दुरुस्त करायला हे मशीन हवंय, पावसापाण्याचं बंद खोलीत बसून करेन म्हणतो. "नाना, देऊ का? तुम्ही सांगाल तसं. तुमचं ऐकलं असतं तर आज हे असते."

मी सांगतो म्हणालो आणि चपला घातल्या. ते सांगणं आता इथे लिहितो, कारण वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांच्या घरी येते; वहिनींना वाचता येत नाही, पण कल्याणी त्यांना वाचून दाखवते. वहिनी, मशीन मी निवडलं. दुकानदार दुसरं देत होता, मी नको म्हटलं. वारा लागू देऊ नकोस हे मी म्हटलं, आणि तो कोंडून घेऊन बसला तेव्हा मी त्याची पाठ थोपटली. सुकदेव तुमच्याशी एकदाच खोटं बोलला, ते माझ्यासाठी. मशीन भावाला देऊ नका. कल्याणी, आईला हे सगळं वाचून दाखव. तिला रडू आलं तरी थांबू नकोस.